उमेदवारी आहेच, कागद कुठाय?

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका बैठकीला जाऊन बसलो. विषय शिकाऊ उमेदवारांचा होता म्हणून गेलो, नाहीतर अशा बैठकांत चहा चांगला असतो आणि बाकी सगळं आधी ऐकलेलं असतं. एक फौंड्रीवाले मालक उठले आणि म्हणाले, "पोरगं आम्ही शिकवायचं, आणि हाताशी आलं की शेजाऱ्यानं दोन हजार जास्त देऊन पळवायचं. हा धर्मादाय कुणी सांगितलाय?" टाळ्या पडल्या. मग कामगार चळवळीतले एक जुने कार्यकर्ते उठले. "शिकाऊ उमेदवार म्हणजे सरकारी शिक्का मारलेला स्वस्त मजूर." यालाही टाळ्या पडल्या, आणि वाजवणारे हात बरेचसे तेच होते. पुढं गाडी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेकडे वळली, म्हणजे लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणतात तिच्याकडे, आणि त्या योजनेतल्या पोरांना 'कायम करा की नको' या वादात जी रुतली ती निघालीच नाही. मागच्या रांगेत आयटीआयची आठ-दहा पोरं बसली होती, त्यांत दोन मुली. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

दोन्ही बाजू हिरिरीनं भांडत होत्या, पण वादाचा बांधच चुकला होता. उमेदवारी असावी की नसावी हा प्रश्न कोल्हापुरात उरलेलाच नाही. ती आहे. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागल-हातकणंगल्याच्या पंचतारांकित वसाहतीत कुठल्याही शेडमध्ये शिरून बघा. एक पोरगं 'हेल्पर' म्हणून लागतं. आधी झाडलोट करतं, जॉब उचलून देतं, कूलंट भरतं. मेस्त्री चहाला गेला की लेथवर हात टाकून बघतं. मग फेसिंग, मग रफिंग, मग बोअर, आणि तीन-चार वर्षांनी सेटिंग. यालाच उमेदवारी म्हणतात. फक्त ती कुठं लिहिलेली नसते. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. उमेदवारीची खरी किंमत तिच्या नोंदणीत आहे. दोन्हीकडच्या सह्या असलेला करार, ठरलेला अभ्यासक्रम, बँकेत जमा होणारं विद्यावेतन, बाहेरच्या माणसानं घेतलेली परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. यातलं काहीच नसेल तर पोरगं शिकतं ते मेस्त्रीच्या मेहेरबानीवर, आणि शिकलेलं सिद्ध करतं ते मालकाच्या मर्जीवर. ही नोंदणी कामगाराच्या जितकी हिताची आहे तितकीच मालकाच्याही. यातला दुसरा भाग पटवायला जास्त जागा लागणार, याची मला कल्पना आहे.

मुळात 'उमेदवार' हा शब्दच बघा. उमेद म्हणजे आशा. जुन्या काळी कचेरीत उमेदवारी करणं म्हणजे बिनपगारी कारकुनी करत जागा रिकामी होण्याची वाट बघणं. घरची भाकरी खायची, दुसऱ्याचं दप्तर लिहायचं, आणि कुणी निवृत्त झालं किंवा वारलं की वर्णी लागेल म्हणून साहेबाच्या तोंडाकडे बघायचं. निवडणुकीला उभा राहणाराही उमेदवारच, त्याचाही कारभार आशेवरच. पुढं कायद्याच्या मराठीत 'ॲप्रेंटिस'चा 'शिकाऊ उमेदवार' झाला तेव्हा भाषांतर करणाऱ्याला विनोद करायचा नसणार, पण आपल्याकडची वस्तुस्थिती त्यानं नेमकी पकडली. शिकणाऱ्यानं आशेवर राहायचं, हा आपला रिवाज.

कायद्यानं या आशेला कराराचं रूप द्यायचा प्रयत्न केला. आपल्याकडचा पहिला कायदा १८५० चा. अनाथ आणि गरीब मुलांना धंदा शिकता यावा म्हणून दहा ते अठरा वर्षांच्या पोरांना कारागिराकडे करारानं बांधून द्यायची सोय त्यात होती. बांधून देणं हेच क्रियापद तिथं योग्य आहे, कारण बांधलं जायचं ते प्रामुख्यानं पोरगं. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम मालकालाही बांधतो. करार नोंदवावा लागतो. मालकाच्या कसुरीमुळे तो मोडला तर नुकसानभरपाई द्यावी लागते. सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय उमेदवाराला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. कामावर इजा झाली तर भरपाई आहे, सुरक्षिततेच्या आणि आरोग्याच्या तरतुदी कामगाराप्रमाणेच लागू आहेत. हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला कायद्याचं संरक्षण नाही असं नव्हे. पण त्याचं नाव असतं ठेकेदाराच्या वहीत, आणि ती वही कुठं असते हे ठेकेदारालाच ठाऊक.

माझे मामा ३१ वर्षं उद्यमनगरात टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, होते. सातवीनंतर शाळा सुटली, चौदाव्या वर्षी एका मेस्त्रीच्या हाताखाली लागले. कास्टिंगला टूल लागल्यावर जो आवाज येतो त्यावरून आत ब्लो-होल, म्हणजे हवेची पोकळी, आहे की नाही ते सांगायचे. सुपरवायझर त्यांच्याशी पैज लावायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. मग दुकान बंद पडलं. मालकाच्या मुलांना धंद्यात रस नव्हता आणि जागेला भाव आला होता, यात कुणाचा गुन्हा नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी मामा एका नव्या कारखान्याच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. टेबलामागच्या तरुणानं विचारलं, "काका, सर्टिफिकेट?" मामांनी दोन्ही हात पुढं केले. त्यांना त्यात काही नाट्य करायचं नव्हतं. हात बघून कळेल असं त्यांना खरोखरच वाटलं होतं. हेल्परच्या दरानं घेतलं, 'सहा महिने बघू' या बोलीवर.

त्या तरुणाचा मला राग आला होता. आता येत नाही. त्याच्यापुढं आठवड्याला दहा जण येतात आणि दहाही जण स्वतःला मेस्त्री म्हणवतात. ट्रायल घ्यायची तर मशीन थांबवायचं, जॉब बिघडला तर माल वाया. मग तो सगळ्यांना एकाच, खालच्या दरानं घेतो आणि काळावर सोडतो. म्हणजे मामांचं ३१ वर्षांचं ज्ञान एका दुकानाच्या चार भिंतींत खणखणीत होतं, आणि भिंतींबाहेर त्याला मोड मिळत नव्हती. नुकसान मामांचं झालंच. पण त्या नव्या मालकाचं काय झालं? अव्वल दर्जाचा टर्नर दारात चालत आला आणि त्यानं त्याला सहा महिने जॉब उचलायला ठेवला. हा तोटा कुठल्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो झालाच नाही असं आपण समजतो.

आता विरोधातलं सगळ्यात जोरकस म्हणणं घेऊ. ते माझ्या मते कार्यकर्त्यांचं आहे. १९६१ च्या कायद्याचं अठरावं कलम सरळ सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. भविष्य निर्वाह निधी नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही. २०१९ च्या नियमांनी ठरवलेलं किमान विद्यावेतन महिन्याला ५,००० ते ९,००० रुपये; आयटीआय झालेल्याला ७,०००. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनंच ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे आकडा तोकडा आहे याची कबुली आलीच. राधानगरीहून आलेल्या पोरानं कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून, सात हजारांत घरी काय पाठवायचं? त्यातून काही ठिकाणी 'शिकाऊ' म्हणून घेतात आणि वर्षभर पॅकिंगला उभं करतात. मुदत संपली की नमस्कार, पुढची बॅच. हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे 'असं कुठं होत नाही' म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. आणि हा आक्षेप नवाही नाही. इंग्लंडात १५६३ च्या कायद्यानं सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये तिच्यावर टीका केली ती जवळपास याच शब्दांत होती: धंदा शिकायला एवढा काळ लागत नाही, मोबदला मिळत नसल्यानं पोराचं मन कामात राहत नाही, आणि मधल्या मधे फावतं ते मालकाचं. ती सक्ती १८१४ मध्ये उठली.

एवढं सगळं मान्य. पण मग यातून निष्कर्ष कोणता निघतो? नोंदणी नको, हा? पॅकिंगला उभ्या केलेल्या शिकाऊ पोराकडे निदान एक करार असतो. त्यावर ट्रेडचं नाव असतं, 'फिटर' किंवा 'मोल्डर' असं. 'मला यातलं काही शिकवलं नाही' हे तो त्या कागदावर बोट ठेवून सांगू शकतो. शेजारच्या शेडमध्ये पॅकिंगलाच उभ्या असलेल्या हेल्परनं कशावर बोट ठेवायचं? शब्द मोडला हे सिद्ध करायला आधी शब्द दिलेला लागतो. आणि हे कोल्हापूरच्या डाव्या चळवळीला मी सांगावं, यात थोडा विनोदच आहे. कूळकायद्याची लढाई कशासाठी होती? १९४८ चा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जमीन कसणारा मालक मानला गेला. पण ज्यांचं नाव पीकपाण्याच्या सदरात होतं त्यांचं सोपं झालं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलं, पण तलाठ्याच्या दप्तरात ज्यांचा मागमूस नव्हता, त्यांना सिद्ध करता करता नाकीनऊ आले. तेव्हा एकाही कार्यकर्त्यानं असं म्हटलं नाही की सातबाऱ्यात खोट्या नोंदी होतात, सबब आम्हाला सातबारा नको. त्यांनी नाव लावून घेण्यासाठी मोर्चे काढले. कारखान्याच्या दाराशी आलं की मात्र हीच चळवळ कागदाला नाक मुरडते, याचं मला कोडं आहे.

विद्यावेतन वाढलं पाहिजे, यासाठी भांडा. पॅकिंगला उभं करणाऱ्या मालकाला उमेदवार देणं बंद करा, यासाठी तर कडाडून भांडा. पण भांडायला उभं राहायची जागा तो करारच आहे.

आता मालकांकडे येऊ. 'शिकवलेलं पोरगं पळवतात' ही तक्रार खरी आहे. कोल्हापुरानं तर तिचा असा मासला पाहिलाय की त्यापुढं उद्यमनगरातली पळवापळवी किरकोळ ठरावी. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर तिथंच घडले. १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे नावाचं पोरगं तिथं पडेल ते काम करायला लागलं. झाडणं, सामान उचलणं, हळूहळू सगळंच. फिल्म कसली, तो एक कारखानाच होता आणि बाबूराव त्याचे मेस्त्री. १९२९ मध्ये हे चौघं बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णी यांची त्यांना साथ मिळाली आणि कोल्हापुरातच 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार वर्षं टिकली नाही. मालकांच्या बाजूनं याहून भक्कम उदाहरण मला सापडलं नाही, म्हणून मुद्दाम मीच देतो.

पण ते नीट वाचा. बाबूरावांनी या पोरांना काही न शिकवता नुसतं राबवलं असतं, तर ती मधली वर्षं कंपनी कुणाच्या हातांनी चालली असती? शिकवण्याचा परतावा पोरगं टिकण्यात असतो, असं मालक धरून चालतात. तो त्याच्या बराच आधी, शिकत असतानाच मिळायला लागतो. पहिले सहा महिने पोरगं माल बिघडवतं, मान्य. दुसऱ्या वर्षी तेच पोरगं विद्यावेतनाच्या कितीतरी पट काम काढून देतं, हे प्रत्येक मालकाला माहीत आहे. बैठकीत तो हे बोलत नाही, एवढंच. आणि दुसरी गोष्ट. नोंदणी न केलेला हेल्पर पाचशे रुपयांसाठी उद्या सकाळी जाऊ शकतो, त्याला अडवणारं काहीच नाही. नोंदणीकृत उमेदवार करारानं मुदतीपर्यंत बांधलेला असतो. कसूर त्याची असेल तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागायची तरतूदही कायद्यात आहे. म्हणजे ज्या मालकांना पळवापळवीची सगळ्यात जास्त भीती, त्यांनीच नोंदणी टाळावी, हे तर्कात कुठं बसतं?

पळवतो कोण, हाही प्रश्न विचारायला हवा. जो शिकवत नाही तो पळवतो. दहा कारखान्यांत दोनच शिकवत असतील तर उरलेले आठ त्या दोघांच्या दारात उभे राहणारच. म्हणून तर कायदा सगळ्यांवर वाटा टाकतो: तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर, कंत्राटी धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे. पण इथं कायद्याचाही हिशेब चुकला आहे. आयटीआय झालेल्या एका उमेदवाराचं वर्षाचं विद्यावेतन ८४,००० रुपये. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेनुसार केंद्र सरकार त्यातला चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,००० उचलतं. मालकाच्या खिशातून जातात ६६,०००. आणि उमेदवार घेतलाच नाही तर? २०१४ च्या दुरुस्तीनं ठरवलेला दंड पहिले तीन महिने दरमहा ५०० आणि पुढं दरमहा १,००० रुपये. वर्षाचे झाले १०,५००. तोही नोटीस आली, सुनावणी झाली, तर. सराफांच्या गुजरी पेठेतल्या कुठल्याही पोराला यातलं स्वस्त काय ते विचारा. २०१४ पूर्वी कायद्यात कैदेची तरतूद होती आणि ती काढली हे बरंच झालं, शिकवलं नाही म्हणून कुणाला तुरुंगात घालायचं नसतं. पण दंड असा ठेवायचा नसतो की तो भाड्यासारखा भरून मोकळं होता येईल.

त्याहून मोठी अडचण म्हणजे उद्यमनगरातली बहुतेक दुकानं तिसाच्या आतलीच. चार ते एकोणतीस माणसं असतील तर उमेदवार घ्यायची परवानगी आहे, सक्ती नाही. मामा शिकले ते अशाच दुकानात, आणि आजही टर्निंगची खरी शाळा तिथंच भरते. या दुकानदाराला सरकारी पोर्टलवर नोंदणी, करार, हजेरी, परीक्षेचे फॉर्म हे सगळं झेपत नाही. तो स्वतःच एका मशीनवर उभा असतो. हा आक्षेप मी शंभर टक्के मान्य करतो आणि त्याचं उत्तर दुकानदाराकडे मागत नाही. इथं कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोलीची स्मॅक आहे, गोकुळ शिरगावची गोशिमा आहे, सगळ्या कारखानदारांच्याच संघटना. दहा-पंधरा छोट्या दुकानांचे करार एका ठिकाणी सांभाळणं, पोराला चार महिने लेथवर, चार महिने व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, चार महिने दुसऱ्याच्या टूलरूममध्ये फिरवणं, हे काम संघटनेचं. पंचगंगेवरच्या बंधाऱ्याला दिवाळीच्या सुमारास बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, तेव्हा प्रत्येक शेतकरी आपापला बरगा घेऊन जात नाही. हेच काम मधल्या एजन्सीच्या हातात गेलं तर ठेकेदारीलाच नवं दार मिळेल, ही भीती रास्त आहे. म्हणून तर संघटनांनी अंग काढून घेऊ नये.

नोंदणीची एक बाजू बैठकीत कुणाच्या तोंडी आलीच नाही. नोंदणी नसलेल्या उमेदवारीला दार असतं ते ओळखीचं. मेस्त्री पोरगं घेतो ते भावकीतलं, गल्लीतलं, गावाकडच्या माणसानं पाठवलेलं. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, पण शतकानुशतकं याच वाटेनं कसब जातीत कोंडून राहिलं. सुताराचा सुतार, लोहाराचा लोहार, ढोराचा ढोर. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या हे सगळे सांगतात. १९१८ मध्ये त्यांनी संस्थानातली बलुतेदारी मोडली, हे त्या मानानं कमी सांगितलं जातं. जन्मानं ठरलेल्या धंद्यातून माणूस सुटला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. पण जुन्या धंद्यातून सुटलेला माणूस नवा धंदा शिकायला कुणाच्या दारात जाणार? ज्या दारात ओळख लागते, तिथं तो पुन्हा बाहेरच. मागच्या रांगेतल्या त्या दोन मुलींचंही तेच. मशीनशॉपमध्ये 'हेल्पर' म्हणून मुलगी घ्या असं कुठल्या मेस्त्रीला कोण सांगणार आहे? त्यांच्यासाठी जाहिरात, अर्ज आणि करार हाच रस्ता आहे, दुसरा नाही.

चपलेचं उदाहरण तर हाताशीच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो, आणि खवळायला हवंच होतं. पण नोंद झाली आहे ती चपलेची. कातडं कमावणारा, तळ शिवणारा, वेणी घालणारा हात कुणाचा आणि तो कुणाकडून शिकला, याची नोंद आपण कुठं केली? परदेशी कंपनीनं नाव लपवलं म्हणून संतापणाऱ्या गावानं आपल्या कारागिरांची नावं तरी कधी लिहिली होती?

प्रमाणपत्रावर सगळ्यात बोचरा आक्षेप घेतला तो एका मालकांनी, बैठकीनंतर चहाच्या कपाशी, खासगीत. "सर्टिफिकेटवाली पोरं बघितलीत. व्हर्निअर धरता येत नाही. तुमच्या मामांना कागद नव्हता पण काम होतं, यांना कागद आहे पण काम नाही." याला उत्तर देणं अवघड आहे, कारण ते बऱ्याच अंशी खरं आहे. कागदाची पत परीक्षेवर ठरते, आणि आपल्या परीक्षा म्हणजे बरेचदा ठरलेला जॉब, ठरलेले गुण. पण इथंही कोल्हापूरला बाहेर बघायची गरज नाही. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला शिकवतो, खुराकावर लक्ष ठेवतो, पण त्याचा निकाल वस्ताद लावत नाही. निकाल लागतो खासबागच्या कुस्ती मैदानात, हजारो लोकांसमोर, दुसऱ्या तालमीच्या मल्लाशी. जिंकला की पहिला प्रश्न येतो, 'कुठल्या तालमीचा?' पठ्ठ्याच्या नावाबरोबर गंगावेशीचं किंवा मोतीबागेचं नाव जातं, म्हणून वस्ताद शिकवण्यात कसूर ठेवत नाही. जर्मनीच्या उमेदवारीचं कौतुक आपल्याकडे प्रत्येक भाषणात होतं. तिथलंही मर्म हेच आहे. पोरगं शिकतं कारखान्यात आणि व्यवसाय शाळेत, पण परीक्षा घेतं उद्योगांचं चेंबर, त्याचा मालक नाही. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा, आणि तपासणारा त्याच धंद्यातला. आपल्या परीक्षेत नेमका हा धंद्यातला माणूस कमी पडतो.

राहिली 'लाडका भाऊ'. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सहा महिन्यांची होती, नंतर अकरा झाली. महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत संपल्यावर पोरांनी 'कायम करा' म्हणून आंदोलनं केली आणि लोकांनी त्यांना नावं ठेवली. मला ती मागणी चुकीची वाटते, पण पोरांची चूक वाटत नाही. तुम्ही माणसाला ट्रेड दिला नाहीत, परीक्षा घेतली नाहीत, अकरा महिने कार्यालयात बसवून 'हा इथं होता' असा दाखला दिलात. बाहेर ज्याला किंमत नाही असा दाखला हातात असलेला माणूस आत राहायलाच धडपडणार. ती पुन्हा कचेरीतली जुनी उमेदवारीच झाली, फरक एवढाच की या वेळी भाकरीचे पैसे सरकारनं दिले. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारालाही कायद्यानं नोकरीची हमी नाही, हे मी लपवत नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगून ठेवलंय की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा प्राधान्य द्यावं. रेल्वेच्या पहिल्या स्तराच्या भरतीत वीस टक्के जागा उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात. एका कारखान्यानं नाही म्हटलं तरी दुसरीकडे दाखवता येतं ते प्रमाणपत्र. 'कायम करा' या मागणीचा जोर अशानं आपोआप ओसरतो, कारण पोराला एकाच दारात बसून राहावं लागत नाही.

बैठकीहून घरी परतताना मामांकडे गेलो. परीक्षेचं माझ्या डोक्यात घोळत होतं. म्हटलं, मामा, टर्नरच्या परीक्षेला तुमच्यासारखी माणसं परीक्षक म्हणून बसवली पाहिजेत. निवृत्त मेस्त्री, ज्यांना आवाजावरून कळतं. पोरानं जॉब लावला की दोन मिनिटांत सांगाल, याला येतं की नाही. मामांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसीन की. पण परीक्षक व्हायला आधी सर्टिफिकेट लागतंय न्हवं?"